पाण्याच्या रिपोर्टातली 'टोटल' मापं (बीओडी, सीओडी, टीडीएस वगैरे): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोकणातल्या एका पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात पडला की लोक त्याचा फोटो काढून पाठवतात आणि खाली एकच ओळ असते, "ताई, हे चांगलं की वाईट?" पाठवणारे खाडीत पाग टाकणारे असतात, ग्रामपंचायतीचे मेंबर असतात, शाळेतले सर असतात, आंबा बागायतदार असतात. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवलीयत. प्रत्येकाला नंबर दिलाय, एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर तो नंबर बघा.

१. "टोटल" माप म्हणजे काय? पाण्यात कुठलं केमिकल आहे ते सरळ का नाही सांगत?

कारखान्याच्या किंवा गटाराच्या पाण्यात शेकडो पदार्थ एकत्र असतात आणि प्रत्येकाची वेगळी टेस्ट करायची तर मोठं मशीन लागतं, पैसा लागतो आणि मुळात काय शोधायचंय ते आधी माहीत असावं लागतं. म्हणून सगळ्यांमध्ये मिळून जो एक गुण असतो तो मोजतात. ऑक्सिजन खाणारं सगळं म्हणजे सीओडी, विरघळलेलं सगळं म्हणजे टीडीएस, फिल्टरवर अडकणारं सगळं म्हणजे टीएसएस, हेक्सेनमध्ये (तेल-चरबी विरघळवणारा एक द्रव) उतरणारं सगळं म्हणजे ऑइल अँड ग्रीस. बंदरावर पाटी काट्यावर ठेवली की ती वीस किलोची आहे हे लगेच कळतं, पण आत बांगडा किती आणि तारली किती ते पाटी उलटी केल्याशिवाय कळत नाही, तसंच हे. टोटल माप स्वस्तात होतं, लवकर होतं, आणि ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही असा पदार्थसुद्धा त्यात पकडला जातो, ही त्याची मोठी ताकद आहे. पण प्रत्येक मापाला काही गोष्टी दिसतच नाहीत, आणि खालचे निम्मे प्रश्न त्यातूनच आलेत.

२. बीओडी आणि सीओडीत फरक काय? दोन्हींची बेरीज करून एकूण प्रदूषण काढायचं का?

बेरीज अजिबात करू नका. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंनी ठरलेल्या दिवसांत किती ऑक्सिजन वापरला ते. सीओडी म्हणजे तीच घाण, आणि जिवाणूंना न पचणारी घाणसुद्धा, पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिडमध्ये १५० अंशावर दोन तास उकळून जाळली तर किती ऑक्सिजन लागेल ते. म्हणजे बीओडीत जे आलं ते बहुतेक सगळं सीओडीत आधीच आलेलं असतं, बेरीज केली तर तेच दोनदा मोजलं जाईल.

३. बीओडीचा रिपोर्ट तीन दिवसांनी का मिळतो? पैसे जास्त दिले तर लवकर होईल का?

नाही होणार, कारण टेस्टच तीन दिवसांची आहे. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता, २७ अंशावर अंधारात ठेवतात आणि सुरुवातीचा ऑक्सिजन वजा शेवटचा ऑक्सिजन असा हिशोब होतो. जुनी पद्धत पाच दिवसांची, तिचं मूळ इंग्लंडमधल्या सांडपाण्यावरच्या रॉयल कमिशनच्या १९१२ च्या अहवालापर्यंत जातं आणि आजही बाहेर बऱ्याच देशांत २० अंशावर पाच दिवस असंच करतात. आपल्याकडे पाणी मुळात गरम, म्हणून आपलं मानक २७ अंश आणि तीन दिवस. परदेशातला आकडा आणि आपला आकडा शेजारी ठेवताना हे बघत जा.

४. रिपोर्टात बीओडी ८ आणि सीओडी ४००. बीओडी एवढा कमी म्हणजे पाणी चांगलंच ना?

असा रिपोर्ट आला की मला जास्त काळजी वाटते. घरगुती सांडपाण्यात बीओडी हा सीओडीच्या साधारण निम्म्याच्या आसपास असतो. इथे तो पन्नासावा हिस्सा आहे, म्हणजे दोनपैकी एक गोष्ट झालीय. एक तर पाण्यात जे आहे ते जिवाणूंना पचत नाही, किंवा ते इतकं विषारी आहे की बाटलीतले जिवाणूच मेले आणि त्यांनी काही खाल्लंच नाही. दुसरी शक्यता तपासायची सोपी युक्ती आहे, तोच नमुना जास्त पातळ करून परत बीओडी लावायचा. पातळ केल्यावर हिशोबाचा बीओडी वाढत गेला तर समजायचं की आधी विषाने जिवाणू दाबून ठेवले होते. लॅबला विचारा की किती डायल्यूशन लावले आणि प्रत्येकाचा आकडा काय आला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. खाऱ्या पाण्यातही असंच होतं, गोड्या पाण्यातले जिवाणू मिठाने बसतात आणि बीओडी खोटाच कमी येतो.

५. खाडीच्या पाण्याचा सीओडी तीन हजारांवर आलाय! पेपरला देऊ का?

थांबा, आधी क्लोराइडचा आकडा बघा. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय.

सीओडीच्या टेस्टमध्ये डायक्रोमेट घाणीला जाळतं तसं मिठातल्या क्लोराइडलाही जाळतं. एक मिलिग्रॅम क्लोराइड साधारण ०.२२६ मिलिग्रॅम सीओडी म्हणून मोजलं जातं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं, म्हणजे एकदम स्वच्छ समुद्राचं पाणी आंधळेपणाने टेस्टला लावलं तर ४,००० च्या पुढे सीओडी दिसू शकतो! हे टाळायला मर्क्युरिक सल्फेट घालून क्लोराइड बांधून ठेवतात, पण नेहमीची पद्धत २,००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंतच भरवशाची आहे. खाडीत भरतीला त्याच्या कितीतरी पट असतं.

कामाला लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या हातून हे झालंय. एका गावातून खाडीचं पाणी आलं होतं, रिपोर्ट मोठा गेला, गावात बैठक झाली, आणि नंतर कळलं की नमुना उधाणाच्या भरतीला घेतलेला आणि आम्ही क्लोराइड मोजलंच नव्हतं. गावाची तक्रार खरी होती, ओहोटीला तिथे उग्र वास यायचा, पण चुकीच्या आकड्यामुळे समोरच्याला सगळी तक्रारच खोटी म्हणायला जागा मिळाली. मला त्याचं अजून वाईट वाटतं. तेव्हापासून खारं पाणी आलं की मी आधी क्लोराइड करते.

मग करायचं काय? नमुना पातळ करता येतो, पण दहा पट पातळ केला की छोटा सीओडी दिसेनासा होतो. खाऱ्या पाण्याला टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, बरी पडते (प्रश्न ६ बघा), आणि नमुना शक्यतो पूर्ण ओहोटीला, नाल्याच्या तोंडाजवळ घ्यावा.

६. आमच्या बाजूला केमिकलचे कारखाने आहेत. सीओडी सोडून कुठली टोटल मापं मागावीत?

लोटे, महाड, रोहा, तळोजा या पट्ट्यांतून हा प्रश्न येतो. तिथे औषधं, रंग, कीटकनाशकं, त्यांचे कच्चे माल असे प्रकार बनतात, त्यामुळे नुसता सीओडी पुरत नाही. पिरिडिनसारखा पदार्थ डायक्रोमेटमध्ये नीट जळतच नाही, म्हणजे सीओडी कमी आणि पिरिडिन भरपूर असं होऊ शकतं.

टीओसी मागा. त्यात नमुना भट्टीत जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात, त्यामुळे पिरिडिनमधला कार्बनही सुटत नाही. आधी ॲसिड घालून खनिज कार्बोनेट उडवलं का तेवढं विचारा. क्लोरीन-ब्रोमीनवाले सेंद्रिय पदार्थ असायची शक्यता असेल तर एओएक्स. यात ॲक्टिव्हेटेड कार्बनवर सगळं चिकटवून, जाळून, निघालेलं हॅलाइड मोजतात आणि आकडा क्लोराइडच्या हिशोबात देतात. फ्लोरीनवाली संयुगं यात दिसत नाहीत, आणि खाऱ्या पाण्यात इथेही मीठ आडवं येतंच. फिनॉलची जी रंगावरची नेहमीची टेस्ट आहे तिलाही एक भोक आहे, पॅरा-क्रेसॉलसारखी काही फिनॉल तिच्यात रंगच देत नाहीत. म्हणून रिपोर्टात "टोटल फिनॉल नाही" आलं म्हणजे कुठलंच फिनॉल नाही असं होत नाही.

७. विहिरीचं पाणी टीडीएस पेनने मोजलं, १८० आलं. प्यायला हरकत नाही ना?

पेनला फक्त मिठं दिसतात, कारण तो पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो आणि त्याला एका ठरावीक गुणकाने गुणून टीडीएस दाखवतो. घरी करून बघा. फिल्टरच्या पाण्याच्या एका ग्लासात दोन चमचे साखर विरघळवून पेन बुडवा, आकडा जवळजवळ जागचा हलत नाही, आणि मग चिमूटभर मीठ टाका, लगेच उडी मारतो. कीटकनाशकं साखरेच्या बाजूची, शिवाय प्रमाण इतकं बारीक की पेनला पत्ताच लागत नाही. जिवाणूही दिसत नाहीत.

तरी पेन निरुपयोगी नाही हो. किनाऱ्यालगतच्या विहिरीत मार्च-एप्रिलपासून पाणी मचूळ लागायला लागतं तेव्हा दर आठवड्याला एक आकडा वहीत लिहून ठेवला तर खारं पाणी कधी आणि किती वेगाने आत येतंय ते छान कळतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएस ५०० पर्यंत ठीक आणि दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडला तेच आकडे २५० आणि १,००० आहेत.

८. शेजारच्या आंबा बागेत फवारणी होते. "टोटल पेस्टिसाइड" अशी टेस्ट असते का?

असते, पण नाव फसवं आहे. लॅब एक यादी घेते, त्यातलं प्रत्येक औषध वेगळं मोजते आणि शेवटी बेरीज करते. यादीत नसलेलं औषध त्या टोटलमध्ये येत नाही. पॅकबंद पाण्याच्या आपल्या मानकात एकेका कीटकनाशकाला ०.०००१ आणि सगळ्यांच्या बेरजेला ०.०००५ मिलिग्रॅम प्रति लिटर अशी मर्यादा आहे. म्हणून लॅबला नुसतं "पेस्टिसाइड बघा" सांगू नका. बागेत यंदा काय फवारलं त्याच्या डब्यांवरची नावं लिहून घ्या आणि ती यादीत आहेत का ते पैसे भरायच्या आधी विचारा.

९. ऑइल अँड ग्रीस ३५ आलंय. म्हणजे कुणीतरी डिझेल सोडलं ना?

असेलही, नसेलही. या टेस्टमध्ये हेक्सेनमध्ये जे उतरतं ते सगळं मोजतात, हेक्सेन उडवून खाली राहिलेल्याचं वजन करतात. त्यात वंगण येतं, हॉटेलातलं तळणीचं तेल येतं, आणि मासळी प्रक्रियेच्या शेडचं पाणी असेल तर तारलीचं तेल येतं. गंमत अशी की पेट्रोल आणि हलकं डिझेल हेक्सेन उडवतानाच बरंचसं उडून जातं, म्हणजे खरं डिझेल असेल तर आकडा उलट कमी येऊ शकतो. खनिज तेलच शोधायचंय तर टीपीएच (फक्त खनिज तेलांची टोटल) मागा, त्यात सिलिका जेलवरून गाळून माशाचं-खोबऱ्याचं तेल बाजूला काढतात.

पावसाळ्याच्या तोंडाला किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात त्यांच्यासाठी पाण्याचा नमुना पाठवून काही होत नाही. गोळाच ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, काचेच्या बरणीत घालून, थंड ठेवून पाठवा.

१०. पावसाळ्यात टीएसएस एकदम वाढला. कंपनीने काही सोडलं का?

जुलैत वहाळ लाल झालेला असतो ती बहुतेक आपल्या जांभ्याची माती. टीएसएसला माती आणि रंगाचा गाळ सारखाच. त्याच नदीवर कारखान्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला एकाच तासात नमुने घ्या, फरक पडला तरच बोला.

११. टोटल कॉलिफॉर्म सापडलं म्हणजे विहिरीत संडासाचं पाणी आलं का?

नक्की सांगता येत नाही. टोटल कॉलिफॉर्ममध्ये मातीतले, पालापाचोळ्यावरचे जिवाणूही मोजले जातात आणि उघड्या विहिरीत पहिल्या पावसानंतर ते बऱ्याचदा येतात. विष्ठेची खूण म्हणून ई. कोलाय बघायचा, तो १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. तोपर्यंत पाणी उकळून प्या.

१२. रिपोर्टात सगळीकडे "बीडीएल" लिहिलंय. म्हणजे शून्य धरायचं ना? बेरीज कशी केली मग?

बीडीएल म्हणजे लॅबच्या मशीनला दिसेल त्यापेक्षा कमी. शून्यही असेल, किंवा दिसायच्या जरा खालीच असेल.

समजा टोटल पीएएच मोजलं. धूर, डांबर, जळकं तेल यांतून येणारी ही संयुगं, यादी सहसा १६ नावांची. प्रत्येकाची दिसण्याची मर्यादा ०.०५ आणि सोळाच्या सोळा बीडीएल. बीडीएलला शून्य धरलं तर टोटल शून्य, मर्यादेइतकं धरलं तर टोटल ०.८, अर्धं धरलं तर ०.४. एकच बाटली, तीन आकडे, आणि तिन्ही प्रामाणिक! म्हणून रिपोर्टवर मर्यादा किती आणि बेरजेत बीडीएल काय धरलं हे लिहिलेलं असलंच पाहिजे. दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत तेव्हा बऱ्याचदा भांडण याच्यातच असतं.

काही बेरजा तर साध्या बेरजाच नसतात. डायॉक्सिनमध्ये १७ संयुगांना त्यांच्या विषारीपणाप्रमाणे वजन देतात, सगळ्यात जहाल टीसीडीडीला १ आणि बाकीच्यांना १ किंवा त्याहून कमी, आणि मग बेरीज करतात. तिथे "टोटल डायॉक्सिन" आणि "टीईक्यू" (ही वजन देऊन केलेली बेरीज) हे दोन वेगळे आकडे असतात.

१३. "टोटल केल्डाल नायट्रोजन" म्हणजे सगळा नायट्रोजन आला का त्यात?

नाही. त्यात सेंद्रिय नायट्रोजन आणि अमोनिया येतो, नायट्रेट-नायट्राइट येत नाही, ते वेगळं मागावं लागतं. अजून एक, नायट्रेट ४५ आणि नायट्रेट-नायट्रोजन १० हे जवळजवळ एकच माप आहे, फक्त एकात ऑक्सिजनचंही वजन धरलंय. कुठला आकडा कुठल्या भाषेत लिहिलाय ते न बघता लोक घाबरतात किंवा निर्धास्त होतात.

१४. सगळे आकडे लिमिटमध्ये आहेत, मग खाडीत बोय आणि शिंगटी मरून तरंगली कशी?

हा प्रश्न विचारताना माणसांचा आवाज बदललेला असतो आणि त्यांना "रिपोर्ट तर चांगला आहे" असं सांगणं मला जमत नाही. कारणं बरीच असू शकतात.

पहिलं म्हणजे वेळ. मासे रात्री मेले, नमुना दुसऱ्या दिवशी दुपारी घेतला, मधे एक भरती येऊन गेली. त्या पाण्याला काय झालं ते या बाटलीत नाहीच.

दुसरं, टोटल मापाला विष कळत नाही. काही कीटकनाशकं लिटरला मायक्रोग्रॅममध्ये मासे मारतात, सीओडीत त्यांचा वाटा कळणारही नाही इतका. सायनाइड, सल्फाइड, अमोनिया यांचंही तसंच, आणि अमोनिया तर पाणी गरम आणि पीएच चढा असेल तेव्हा त्याच आकड्याला जास्त विषारी होतो.

तिसरं ऑक्सिजन. आगोटीच्या पहिल्या मोठ्या सरीने वर्षभराचा नाल्यातला गाळ एकदम खाली येतो आणि काही तासांत ऑक्सिजन लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकतो. ही टेस्ट जागेवर करायची असते. बाटली भरल्यावर लगेच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायचं. ऑक्सिजन असेल तर आत तपकिरी कापसासारखा साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. जेटीवर उभं राहून पांढरा साका बघितला की पुढचा आकडा टायट्रेशन न करताही कळतो.

कायद्यात यासाठी एक वेगळं टोटल माप आहे आणि ते फार कमी लोक मागतात, मासा जगतो का ते बघण्याची बायोअसे. सोडलेल्या पाण्यात काही न मिसळता, तसंच ठेवून, ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत पाहिजेत. इथे मासा स्वतःच मीटर आहे. सीओडी कमी पण बायोअसे नापास असं येतं तेव्हा विष शोधायला निघायचं. मासे मेल्याच्या तक्रारीत हे लेखी मागा.

१५. कुठलं लिमिट लावायचं? नदीचं, खाडीचं की पिण्याचं?

पाणी कुठून घेतलं त्यावर. कारखान्याच्या तोंडाशी घेतलं तर सांडपाण्याचं मानक. पर्यावरण संरक्षण नियमांत (१९८६) सर्वसाधारण मर्यादा अशी आहे की नदीत सोडायचं तर बीओडी ३०, सीओडी २५०, टीएसएस १००, ऑइल अँड ग्रीस १०. समुद्रात सोडायचं तर बीओडी १००, ऑइल अँड ग्रीस २०, सीओडी तेवढाच २५०. काही उद्योगांना आणि एकेका परवानगीत यापेक्षा वेगळे आकडे असतात, म्हणून परवानगीपत्राची प्रत बघाच. खाडीतलं पाणी घेतलं तर हे आकडे लागू नाहीत. तिथे किनारी पाण्याचे वर्ग आहेत, पोहण्याच्या वर्गाला बीओडी ३ आणि फीकल कॉलिफॉर्म १०० मिलिलिटरला १००. खाडीत बीओडी २५ आला आणि कुणी "तीसच्या आत आहे" म्हणालं तर तो चुकीची फूटपट्टी लावतोय.

१६. साधं पाणी मिसळून लिमिटमध्ये आणता येतं का? मग त्या आकड्याला अर्थ काय?

मिसळलं तर आकडा उतरतो, घाण तेवढीच जाते. म्हणून मिलिग्रॅम प्रति लिटर बरोबर दिवसाला किती लिटर हे पण विचारायचं. सीओडी २५० आणि रोज दहा लाख लिटर म्हणजे खाडीत रोज २५० किलो ऑक्सिजनची मागणी. एक कोटी लिटर असेल तर अडीच हजार किलो, आणि रिपोर्टावर दोन्हीकडे "पास".

खाडीतही हेच. वाशिष्ठीत कोयनेच्या वीजघरांचं अवजल येतं, ते किती सुटलंय त्यावर खालचे आकडे हलतात. पाणी भरपूर असलेल्या दिवशी घेतलेला नमुना आणि कमी असलेल्या दिवशी घेतलेला नमुना तसाच एकमेकांशी ताडू नका.

१७. गेटवरच्या बोर्डावर सीओडी लाइव्ह दिसतो. दोन तासांची टेस्ट लाइव्ह कशी होते?

तिथे बऱ्याचदा डायक्रोमेट नसतंच, पाण्यातून अतिनील प्रकाश सोडून तो किती शोषला गेला त्यावरून सीओडीचा अंदाज बांधतात. जे पदार्थ तो प्रकाश शोषत नाहीत (साखर, अल्कोहोल) ते त्याला दिसत नाहीत. लॅबच्या आकड्याशी मशीन शेवटचं कधी जुळवलं ते विचारा.

१८. हवेचा एक्यूआय पण अशीच बेरीज आहे का?

नाही. प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात मोठा तोच एक्यूआय. पीएम १० मात्र टोटल माप आहे, आणि आपल्याकडे त्यात समुद्राचं मीठही तोललं जातं.

१९. नमुना आम्ही स्वतः घेतला तर चालतो का?

माहितीसाठी आणि तक्रारीसाठी चालतो. कोर्टात पुरावा म्हणून मात्र पाणी कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे घेतलेला नमुना लागतो, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, समोर दोन भाग करून, सील करून घेतलेला. नागरिकाला स्वतः फिर्याद करायची तर कलम ४९ खाली ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणून मासे तरंगलेले दिसले की आधी फोन मंडळाला, आणि ते येईपर्यंत तुमचा नमुना तुम्ही घेऊन ठेवा, नंतर ते पाणी परत मिळत नाही.

एकच कॅन भरून आणू नका, त्यातून सगळ्या टेस्ट होत नाहीत. बीओडीची बाटली काठोकाठ भरून बर्फात, त्याच दिवशी लॅबला. सीओडीच्या बाटलीत आमच्याकडून ॲसिड घालून घ्या. ऑइल अँड ग्रीसला रुंद तोंडाची काचेची बाटली, ती त्या पाण्याने विसळायची नाही, कारण तेल काचेला चिकटून राहतं आणि विसळलेल्या पाण्याबरोबर जातं, आणि ती अख्खी बाटलीच वापरली जाते. तवंग असेल तर तो वरवरचा गोळा करू नका, तोंडाशी नीट मिसळलेलं पाणी घ्या आणि तवंगाचा फोटो काढा. बाटलीवर पेन्सिलीने लिहा (शाई बर्फात पुसते): जागा, तारीख, घड्याळातली वेळ, भरती की ओहोटी, उधाण की भांग (छोटी भरती), वास कसला, आदल्या दिवशी पाऊस होता का. या ओळी नसलेली बाटली आली की मी आधी फोन करते, मग बूच उघडते.